लंडन ते पॅरिस, सायकलवर, देणगीसाठी: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

सायकलवाल्यांच्या घोळक्यात दरवर्षी कुणीतरी हा विषय काढतंच: लंडनहून पॅरिसला सायकल चालवत जायचं आणि त्या निमित्ताने एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करायचे. पुढचे प्रश्नही साधारण ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आम्ही आयोजक नाही आणि ट्रॅव्हल एजंटही नाही. त्यामुळे ‘जाऊ नका’ असं सांगायला आमचं काही अडत नाही, आणि खाली दोन-तीन ठिकाणी तसं सांगितलंही आहे.

ही राइड म्हणजे नेमकं काय असतं?

ब्रिटनमध्ये मॅरेथॉन धावून, डोंगर चढून किंवा सायकल चालवून संस्थेसाठी पैसे गोळा करायची पद्धत चांगली रुळलेली आहे. त्यातली लंडन–पॅरिस ही सगळ्यात मळलेली वाट. आयोजक कंपनी मार्ग, मुक्काम, बोटीचं तिकीट, सामानाची गाडी आणि मेकॅनिक बघते. पेडल तुम्ही मारायचं.

वाटा मुख्यतः दोन. पहिली केंट परगण्यातून डोव्हर बंदरापर्यंत, तिथून सुमारे दीड तासाची बोट, मग कॅले आणि उत्तर फ्रान्समधल्या शेतांतून पॅरिस. हे अंतर ४५० ते ५०० किलोमीटरच्या घरात जातं आणि बहुतेक गट ते चार दिवसांत करतात. दुसरी वाट न्यूहेवनहून बोटीने दिएपला जाते. बोटीतच चार तास जातात, पण दिएपच्या पुढे आर्क-ला-बताय ते फोर्ज-लेझ-ओ असा जवळपास ४५ किलोमीटरचा रस्ता जुन्या रेल्वेमार्गावर बांधलेला आहे आणि त्यावर मोटारगाडी येतच नाही. या दुसऱ्या वाटेला ‘अव्हेन्यू व्हर्त’ म्हणतात, ती २०१२ मध्ये, लंडन ऑलिंपिकच्या वर्षी, पूर्ण मार्ग म्हणून खुली झाली. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसरी वाट धरावी. पण मोठ्या गटांच्या राइड्स बहुतेक डोव्हरकडूनच जातात, त्यामुळे निवड नेहमी तुमच्या हातात राहत नाही.

ही शर्यत आहे का?

नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, शर्यत म्हणतात ती तिला. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. शेवटच्या स्वाराच्या मागे एक गाडी असते, फारच उशीर झाला तर ती तुम्हाला उचलते. तिच्यात बसण्यात कमीपणा नाही.

लोकांनी दिलेल्या देणगीतून माझाच प्रवास होतो का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा.

नाव नोंदवताना सहसा दोन पर्याय येतात. एक, स्वखर्चाचा: राइडचं पूर्ण शुल्क तुम्ही खिशातून भरता आणि जमलेली सगळी देणगी संस्थेला जाते. दुसरा, किमान निधीचा: तुम्ही थोडंसं नोंदणी शुल्क भरता, ठरलेली किमान रक्कम गोळा करायचं कबूल करता आणि त्या रकमेतून तुमच्या हॉटेलचा, जेवणाचा आणि बोटीचा खर्च वळता होतो. दुसरा पर्याय तिकडे कायदेशीर आहे आणि सर्रास वापरलाही जातो, अट इतकीच की देणाऱ्याला ते आधी सांगितलेलं असावं.

आमचं मत स्पष्ट आहे. नाशिकहून जाणाऱ्याने पहिलाच पर्याय घ्यावा. सिडकोतल्या मावशींनी दिलेल्या पाचशे रुपयांपैकी काही भाग तुमच्या पॅरिसच्या हॉटेलवर खर्च झाला, हे त्यांना नंतर कळलं तर त्या पुढच्या वेळी कुणालाच देणार नाहीत. आणि खर्च परवडत नसेल तर? तर यंदा जाऊ नका. नाशिक–पंढरपूर सायकल वारी करा आणि तिच्या निमित्ताने पैसे जमवा. देणाऱ्याला पॅरिसशी काही देणंघेणं नसतं, तो तुम्हाला ओळखतो म्हणून देतो.

एकूण खर्च किती धरायचा?

आयोजकांचं शुल्क, मुंबई–लंडन आणि पॅरिस–मुंबई विमान, दोन व्हिसा, विमा, सायकल नेणं किंवा भाड्याने घेणं, आणि दोन्ही टोकांना एक-दोन रात्री. दोन लाखांच्या आत बसवायचं म्हटलं तर ओढाताण होते, अडीच ते तीन लाख धरून चाललेलं बरं. शुल्क परदेशी पाठवताना बँक काही वेळा टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर, कापते. तो खर्चात धरू नका, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो.

घरचे म्हणतात, ‘एवढे पैसे थेट संस्थेलाच दे की.’

बरोबर म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका.

स्वतःला एवढंच विचारा: राइड नसती तर हे अडीच लाख मी संस्थेला दिले असते का? बहुतेकांचं खरं उत्तर ‘नाही, कुठेतरी फिरायला गेलो असतो’ हेच असतं. मग ही तुमची सुट्टी आहे, आणि सुट्टीला जोडून तुम्ही शंभर लोकांसमोर हात पसरणार आहात. त्या शंभर जणांपैकी निम्म्यांनी त्या संस्थेचं नावही ऐकलेलं नसतं, आणि राइडचा फायदा खरा तिथे आहे. पण जमणारी देणगी तुमच्या विमानाच्या तिकिटापेक्षाही कमी राहील असं दिसत असेल, तर ‘देणगीसाठी राइड’ म्हणू नका. नुसतं फिरायला चाललोय म्हणा आणि खुशाल जा.

संस्था इथली निवडू की तिकडची?

काही राइड्स एखाद्या ब्रिटिश संस्थेच्याच असतात, तिथे निवडीचा प्रश्न येत नाही. खुल्या राइडमध्ये मात्र संस्था तुम्ही ठरवता. आम्ही इथलीच सुचवू. पेठ, सुरगाण्याकडे पाण्यावर किंवा आश्रमशाळांतल्या मुलांसाठी काम करणारी एखादी संस्था धरली, तर देणाऱ्याला रविवारी गाडी काढून काम बघून येता येतं. लंडनमधल्या संशोधन संस्थेसाठी सातपूरच्या कारखानदाराकडे पैसे मागून बघा, तो चहा पाजेल आणि विषय बदलेल.

संस्था ठरवण्याआधी तीन कागद मागा: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, करसवलतीचं प्रमाणपत्र (लोक अजून ‘ऐंशी-जी’च म्हणतात) आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद. कागद द्यायला कुरकुर करणारी संस्था तिथेच सोडा.

देणग्या माझ्याच यूपीआयवर घेतल्या तर चालेल का? हिशेब मी चोख ठेवेन.

हिशेबाबद्दल शंका नाही, तरीही नको. गणेश मंडळं वर्गणीला बाहेर पडण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी काढतात, हे तुम्हाला माहीत असेल. सामाजिक कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणारी व्यक्तीही त्याच कलमाखाली येते. शिवाय तुमच्या खात्यात आलेले पैसे तुमचं उत्पन्न नाहीत, हे उद्या प्राप्तिकर खात्याला समजावत बसावं लागेल. संस्थेचा क्यूआर कोड घ्या, संदेशात स्वतःचं नाव लिहायला सांगा आणि आठवड्याला संस्थेकडून यादी मागवा.

करसवलत हवी असणाऱ्याला दोन गोष्टी आधीच सांगा: दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर सवलत मिळत नाही, आणि ती मिळते जुनी करपद्धत निवडणाऱ्यालाच. नव्या पद्धतीत गेलेले बरेच जण पावती मात्र आग्रहाने मागतात. मागू द्या.

अमेरिकेतला मामेभाऊ देणार म्हणतो. घेऊ?

आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्फत देत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, मग हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर ती घेताच येत नाही. नोंदणी असली तरी असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. भावाला वाईट वाटेल म्हणून त्याचे पैसे आपल्या खात्यावर घेऊन पुढे देणं, हा मार्ग तर अजिबात नको.

अंबडमधली कंपनी सीएसआरमधून माझी राइड स्पॉन्सर करेल का?

राइड नाही. सीएसआरचा, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी बाजूला काढलेला, पैसा संस्थेच्या प्रकल्पाला जातो आणि त्यासाठी संस्थेने सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी केलेली असावी लागते. जर्सीवर कंपनीचं नाव छापून पैसे घ्यायचे असतील तर ती जाहिरात झाली. तेही करता येतं, पण मग त्याला देणगी म्हणू नका.

व्हिसा?

दोन लागतात, आणि इथेच बरेच जण अडकतात. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे फ्रान्ससह एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. पासपोर्टची कामं नाशिकमध्ये होतात, व्हिसाच्या ठशांसाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं.

आम्ही क्रम असा सुचवतो: आधी ब्रिटन, मग फ्रान्स. फ्रान्सच्या अर्जात तुम्ही ‘ब्रिटनमधून बोटीने येणार’ असं दाखवता, तेव्हा ब्रिटनचा व्हिसा हातात असला की कागद आपोआप जुळतात. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णय नेहमीच्या प्रकरणात पंधरा दिवसांत लागतो, शुल्क ९० युरो. मात्र उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही. म्हणून ब्रिटनचा अर्ज टाकल्या टाकल्या फ्रान्सची तारीख धरून ठेवा. परतीचं विमान पॅरिसहूनच घ्या, लंडनला मागे जाण्यात पैसा आणि दिवस दोन्ही जातात.

प्रवासाचं कारण लिहिताना साधं ठेवा: पर्यटन, सायकल राइडमध्ये सहभाग, सोबत आयोजकांचं पत्र. ‘चॅरिटी’ शब्दावर निबंध लिहिलात तर समोरच्याला वाटतं, हा तिकडे काम करायला चाललाय.

डोव्हरला बोटीत चढण्याआधीच फ्रेंच पोलीस पासपोर्ट तपासतात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे, पहिल्या वेळी फोटो घेतात, आणि ब्रिटिशांसारख्या व्हिसा न लागणाऱ्यांचे बोटांचे ठसेही. ब्रिटिश सोबती पटकन पुढे निघतील या हिशेबाने त्यांच्याबरोबर उशिरा पोहोचू नका.

मी आठवड्याला पन्नास किलोमीटर चालवतो. जमेल?

पाच-सहा महिने हातात असतील तर जमेल. आपल्याकडच्या स्वारांना चढाची भीती वाटते, ती उगाच. केंटमधले चढ छोटे पण टोकदार असतात. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर एकदा न थांबता गेलेल्या माणसाला ते थकवतील, पण थांबवणार नाहीत. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. १३० किलोमीटर झालेत, बूड दुखतंय, गुडघा कुरकुरतोय आणि पुन्हा तेवढंच अंतर समोर आहे. नाशिकमध्ये आपण रविवारी भरपूर चालवतो आणि सोमवारी कामावर जातो, त्यामुळे शरीराला सलग दिवसांची सवयच नसते.

म्हणून शनिवार-रविवार जोडून चालवा. शनिवारी नाशिक–त्र्यंबक–पहिने–घोटी–नाशिक, हे नव्वदच्या आसपास भरतं. रविवारी दिंडोरीमार्गे वणी आणि परत. दोन्ही दिवशी वेग सारखा ठेवता आला की तुम्ही तयार. शेवटच्या दोन महिन्यांत तीन दिवस सलग एकदा तरी करा. कुणाला आकड्यात कसोटी हवी असेल तर २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, आहे, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते.

युरोपातला हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे सरावाचे महिने आपल्या उन्हाळ्यात येतात. एप्रिलमध्ये पहाटे पाचला निघून दहाच्या आत घरी या. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-पिंपळगावच्या रस्त्यांवर द्राक्षांच्या गाड्यांची गर्दी असते आणि सिंहस्थाच्या कामांमुळे शहराभोवतीचे रस्ते कधी उखडलेले सापडतील ते सांगता येत नाही, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. समृद्धीवर सरावाचा विचार मनातही आणू नका. तिथे दुचाकीलाही बंदी आहे.

वय ५६ आहे, बायपास झालेली आहे.

हृदयरोगतज्ज्ञांची लेखी परवानगी, ताण चाचणी, आणि विमा कंपनीला आजार लपवल्याशिवाय सांगणं. हे तिन्ही होत असेल तर वय आड येत नाही. या राइड्समध्ये पन्नाशीपुढचे बरेच जण असतात.

स्वतःची सायकल न्यावी का?

सरावाची सायकल असली तर पाठीला आणि बुडाला ओळखीची बसक मिळते, हा मोठा फायदा. तोटा म्हणजे ती पुठ्ठ्याच्या किंवा टणक खोक्यात भरणं, विमान कंपनीचं वजन आणि शुल्क, आणि लंडनच्या हॉटेलात पोहोचल्यावर ती जोडणं. तुम्हाला चेन तुटली तर जोडता येत नसेल, तर भाड्याची घ्या आणि फक्त सीट व पेडल घरून न्या. पाच मिनिटांत बदलतात.

स्वतःची नेत असाल तर टायरमधली हवा कमी करा, चिखल धुऊन काढा, टायरमध्ये हवा भरायच्या गॅसच्या छोट्या नळ्या घरी ठेवा. सायकल महागडी असेल तर मुंबई विमानतळावर निघतानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. नाहीतर परत येताना ‘ही तिकडे घेतली’ म्हणून अडवतात. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच. ई-सायकल नेता येत नाही, तिची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणं कितपत अवघड?

इंग्लंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून. बोटीतून उतरलात की उजवीकडून. रस्त्यावर गटात असताना काही वाटत नाही, पुढच्याच्या मागे जायचं. चूक होते ती सकाळी हॉटेलच्या आवारातून एकटं बाहेर पडताना किंवा कॉफी पिऊन पुन्हा रस्त्यावर येताना. हँडलवर उजव्या बाजूला रंगीत चिकटपट्टी लावा. फ्रान्समधला गोल चौक घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचा, आणि खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो छोट्या गल्लीतून का येईना.

दोन्ही कानांतली गाणी फ्रान्समध्ये २०१५ पासून बंद, एका कानातलं इअरफोनही चालत नाही, १३५ युरो दंड आहे. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं. घंटी आणि दिवे लागतातच. पॅरिसमध्ये काही सिग्नलखाली सायकलचं छोटं त्रिकोणी चिन्ह दिसतं, त्याचा अर्थ लाल असतानाही बाण दाखवेल त्या बाजूला सायकलवाल्याने थांबून, बघून जायला हरकत नाही. चिन्ह नसलेल्या सिग्नलवर हे करू नका.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

इंग्लंडमध्ये काही अडचण नाही. उत्तर फ्रान्समध्ये मात्र छोट्या गावात हॉटेल दुपारी बारा ते दोनच उघडं असतं, आणि शाकाहारी म्हटलं की सॅलडवर मासा घालून आणतात. बुलांजरी, म्हणजे पावाचं दुकान, हा तुमचा आधार. पण बरीचशी रविवारी किंवा सोमवारी बंद असतात. आयोजकांना ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडी चालतात की नाही’ असं तपशिलात आधी कळवा. बऱ्याच चीजमध्येही जनावराच्या जठरातला रेनेट (दूध गोठवायला वापरतात तो) असतो, कडक पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. जैन सोबती असेल तर त्याने खाकरा जास्त न्यावा.

नाशिकचा चिवडा, चिक्की, भाजलेले शेंगदाणे, मनुके खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप, पनीर नको. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला ब्रिटन आणि युरोप दोन्हीकडे बंदी आहे.

पाऊस?

येतो, जुलैतही. आपल्यासारखा कोसळत नाही, पण बारीक, गार आणि वाऱ्यासकट. तिकडचा वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे पॅरिसकडे जाताना बराच वेळ तोंडावर. हलकं रेनकोटवजा जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे, मोज्यांच्या जादा जोड्या. उजेडाची चिंता नको: जूनच्या अखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो.

विमा कोणता घ्यायचा?

शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. पण पॉलिसीत ‘साहसी खेळ वगळून’ या ओळीखाली गटाने केलेली लांब पल्ल्याची सायकल राइड येते का, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं ‘हो सर, कव्हर्ड आहे’ धरू नका. इंग्लंडमध्ये अपघात विभागातले उपचार परदेशी माणसालाही मोफत मिळतात, मात्र दाखल करून घेतलं की बिल सुरू होतं. मदतीसाठी तिकडे ९९९, फ्रान्समध्ये ११२.

एकट्या बाईने जावं का?

जावं. खोलीत दुसऱ्या स्त्रीसोबत सोय करतात किंवा जादा पैसे भरून एकटी खोली देतात, नोंदणीच्या वेळीच विचारा. वाटेतल्या थांब्यांवर शौचालयं असतात, पण फ्रान्समधल्या शेतांच्या पट्ट्यात दोन थांब्यांमधलं अंतर मोठं असतं. स्त्रियांसाठीची सीट वेगळी मिळते. ती किमान दोन महिने आधी बसवून चालवा, नवी सीट घेऊन लंडनला जाऊ नका.

परत आल्यावर काय करायचं असतं?

पंधरा दिवसांत संस्थेकडून एकूण जमलेली रक्कम लिहून घ्या आणि प्रत्येक देणाऱ्याला ती कळवा. सोबत ‘प्रवासाचा खर्च मी केला’ हे एक वाक्य घाला. पावत्या राहिल्या असतील तर संस्थेच्या मागे लागा, हे काम तुमचंच आहे. सहा महिन्यांनी पैसे कशावर खर्च झाले ते विचारून पुन्हा एक निरोप पाठवा. आयफेल टॉवरसमोर सायकल डोक्यावर उचललेला फोटो पहिल्या निरोपाबरोबर पाठवला तरी चालेल, दुसऱ्याबरोबर मात्र टाकीचा किंवा वर्गखोलीचा पाठवा.